खोट्या इंजिनाचा मार्च

प्रथम क्षमा मागते. लेखन हा माझा प्रांत नव्हे. आजवर मी जे काही लिहिले ते तपासणीचे अहवाल होते, आणि त्यांत विशेषणे वापरण्याची मुभा नसते. ‘आवाज मोठा होता’ असेही आम्ही लिहीत नाही. किती होता ते लिहितो, खाली सही करतो आणि कागद पुढे सरकवतो. निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना सहीच्या वर चार वाक्ये अधिक लिहावीत अशी इच्छा मला का व्हावी, याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. ज्यांना चांगले लिहिलेले वाचण्याची सवय आहे, त्यांनी येथूनच पान उलटले तर माझी तक्रार राहणार नाही. खरे तर तक्रार करणे मला कधी जमलेलेच नाही. हॉटेलातल्या चहात साखर नसली, तर मी तो चहा तसाच पिते आणि उठताना ‘छान होता’ म्हणते.

कारण एवढेच, की मार्च आला आहे. आमच्या संभाजीनगरात मार्च चोरपावलांनी येत नाही. सकाळी अंगणात कडुलिंबाचा बारीक फुलोरा पडतो आणि झाडणाऱ्याच्या केरसुणीला चिकटून बसतो. माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. त्यांच्या जाळ्या धुताना गेल्या वर्षीच्या धुळीचा आणि ओल्या गवताचा वास गल्लीभर पसरतो. वाळूजकडे जाणाऱ्या रस्त्यावर तापलेल्या पत्र्याचा, रंगाचा आणि कुठल्याशा कारखान्यातल्या भिजवलेल्या धान्याचा असा तिहेरी वास दहा वाजल्यापासूनच दाटू लागतो. आणि बसथांब्यांवर मुले दिसू लागतात. छातीशी पॅड, हातात पारदर्शक पिशवी, पिशवीत चार पेनं, ओठ सतत हलत असलेले. त्यांच्या कंपासपेट्यांचा खुळखुळाट ऐकला की माझा उजवा हात आपोआप पुढे होतो आणि हवेतच एक बटण डावीकडे फिरवतो. आवाज कमी करण्याचे ते बटण आहे. बारा वर्षांपूर्वी ते वेळेवर फिरवायचे राहून गेले. तेव्हापासून दर मार्चमध्ये मी ते फिरवत आहे.

माझ्या व्यवसायाविषयी थोडे सांगणे भाग आहे. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले, ध्वनी हा विशेष विषय घेऊन. त्यानंतर एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवले. दोन वर्षांनी प्राचार्यांनी मला बोलावून अत्यंत सौजन्याने सांगितले, की माझ्या ज्ञानाविषयी कोणालाच शंका नाही, परंतु ते तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नाही. मागच्या बाकांवरच्या मुलांनी अर्ज दिला होता. अर्जात लिहिले होते, की मॅडमचे ओठ हलताना दिसतात. ध्वनिशास्त्र शिकवणाऱ्या बाईचा आवाज पोहोचत नाही, ही गोष्ट त्या वेळी मला विनोदी वाटली नव्हती.

तिथून मी सोनवणेसाहेबांच्या शेडमध्ये आले. सोनवणेसाहेब मूळ सोयगावकडचे, घरची कापसाची शेती. भाऊ शेतात आणि हे वाळूजला. मालवाहू तीनचाकी गाड्यांचे सायलेन्सर बनवण्याची त्यांची शेड होती. मुलाखतीत त्यांनी विचारले, “कालेज का सोडलं मॅडम?” मी खरे ते सांगितले. त्यांनी कानामागे हात धरून ते दोनदा ऐकले आणि त्यांचा चेहरा उजळला. “आवाज पोचत नाय? मग बरूबर जागी आल्या तुम्ही. हितं आमचा धंदाच त्यो हाये!”

सायलेन्सर म्हणजे बाहेरून पत्र्याचा डबा. आत मात्र कप्पे, भिंती, नळ्या. इंजिनातून धूर जसा बाहेर येतो तसा आवाजही येतो, एकामागून एक धक्के देत. आतल्या भिंतींवर तो आदळतो, परत फिरतो, मागून येणाऱ्या आपल्याच भावंडाला धडकतो आणि दोघेही खचतात. बाहेर येतो तो थकलेला आवाज. तो किती थकला हे मोजणे माझे काम. त्यासाठी आधी ताजा, रगेल आवाज हवा, आणि तो देणारे एक इंजिन शेडच्या मागच्या भिंतीशी लोखंडी चौकटीवर बसवलेले होते. त्याची नळी भिंतीच्या भोकातून बाहेर जाई, म्हणजे धूरही बाहेर आणि आवाजही बाहेर.

त्या इंजिनाचे खरे मालक रशीदभाई. कागदोपत्री ते आमचे मेकॅनिक होते. रोज खुलताबादहून घाट उतरून जुन्या स्कूटरवर येत. अंजिरांच्या दिवसांत त्यांच्या डिकीत पान्यांच्या जोडीला अंजिरे असत, आणि दोन्हींना डिझेलचा सारखाच वास येई. इंजिन चालू असताना ते त्याच्याकडे पाठ करून उभे राहत आणि डोळे मिटून बोलत. “आज जरा नाराज है.” “इसकू सर्दी हुई, मॅडम.” मग फिल्टर उघडावा तर त्यात खरोखरच कचरा निघे. माझ्या उपकरणाला जे आकड्यांत दिसे, ते त्यांना पाठीला कळत असे. इंजिन बंद करण्याविषयी त्यांचा एक नियम होता आणि तो मोडण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. जोरात चाललेले इंजिन एकदम मारायचे नाही. आधी त्याला हळू करायचे, दोन मिनिटे नुसते श्वास घेऊ द्यायचे, मग विचारल्यासारखे बंद करायचे. “दौड के आया आदमी भी दो मिनट बैठता है ना,” ते म्हणत.

मागच्या भिंतीपलीकडे शाळा होती. भिंत आणि शाळा यांच्यामध्ये दहा-बारा पावलांची मोकळी जागा, एक कडुलिंब, आणि त्याच्या फांदीला टांगलेला रेल्वे रुळाचा तुकडा. शाळेचे शिपाई भिकामामा लोखंडी कांबीने तो ठोकत. आमच्या शेडला स्वतःची घंटा कधीच नव्हती. शाळेच्या लहान सुट्टीला आमचा चहा, दुपारी सकाळची शाळा सुटल्याच्या लांब घंटेला आमचे डबे. शाळेला सुट्टी असली की आमच्या वेल्डरांना भूक लागत नसे, किंवा दिवसभर लागत असे.

त्या वर्षी शाळेला दहावीचे परीक्षा केंद्र मिळाले आणि त्याच महिन्यात आमचा नवा सायलेन्सर पसंत करायला पुण्याच्या कंपनीचे तपासनीस येणार असे ठरले. पसंत पडला तर शेडला पुढची दोन वर्षे काम; नाही पडला तर ते काम दुसऱ्या गावी. शाळेच्या मुख्याध्यापिका खरातबाईंची चिठ्ठी आली. सोनवणेसाहेबांनी ती उलटसुलट वाचली आणि माझ्याकडे दिली. “मॅडम, तुम्ही जा. तुम्ही शिकलेल्या. मी गेलो तं भांडण व्हईल.”

खरातबाई उंच, काटक, इस्त्रीच्या सुती साडीतल्या. त्यांनी मला बसवले, पाणी दिले आणि मी काही बोलते का याची वाट पाहिली. मी बोलले नाही तेव्हा त्याच बोलल्या. “मॅडम, या केंद्रावर आजूबाजूच्या वस्त्यांतल्या, खेड्यांतल्या मुली येतात. यातल्या निम्म्यांना पेपर संपल्यावर पुन्हा कुणी ‘तुला काय वाटतं’ म्हणून विचारणार नाही. आयुष्यात तीन तास मिळतात त्यांना, त्यांचे स्वतःचे. त्यात तुमचं ते धडधड नको.”

मला कारखान्याची बाजू मांडायची होती. तारखा, कंपनी, पुणे, सगळे मी जिन्यात पाठ केले होते. त्याऐवजी माझ्या तोंडून निघाले, “आमच्या भिंतीतून एक आवाज येणार नाही. मी शब्द देते.”

“काय म्हणालात?” खरातबाईंनी विचारले. त्यांना ऐकू गेले नव्हते. मग मला तो शब्द दुसऱ्यांदा द्यावा लागला, आणि दोनदा दिलेला शब्द अधिकच जड होतो असा माझा अनुभव आहे.

शेडमध्ये परतल्यावर सोनवणेसाहेबांनी डोक्याला हात लावला. “आवाजच करायचा नाय? मग सायलेन्सर तपासायचा कशावर, फोटोवर?”

तेव्हा मी तो विचार मांडला. मांडला म्हणजे एका कागदावर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला. इंजिन चालवायचेच नाही. एका बंद पेटीत लाऊडस्पीकर बसवायचा, त्यातून इंजिनाच्या बाहेर पडणाऱ्या आवाजाची नक्कल वाजवायची आणि ती सायलेन्सरमधून जाऊ द्यायची. धूर नाही, थरथर नाही. हवा तेवढाच आवाज, हवा तेव्हा. सायलेन्सर लावून आणि काढून, दोन्ही वेळा मोजायचे. जगात असे करतात. आपण करू शकू.

सोनवणेसाहेबांना ते पटले. रशीदभाईंना अजिबात पटले नाही. ते जाऊन इंजिनावर एक जुनी चादर टाकून आले, आजारी माणसाच्या अंगावर टाकावी तशी.

लग्नात डीजे लावणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून दोन मोठे स्पीकर आणि अॅम्प्लिफायर आले. पेटीवर अजूनही झेंडूच्या माळेचा दोरा होता. प्लायवूडचा खोका केला, फटींना ट्यूबचे रबर लावले, खोक्यातून निघालेली नळी सायलेन्सरला जोडली. सायलेन्सरची पुढची नळी मात्र भिंतीच्या त्याच जुन्या भोकातून बाहेर काढली. का, ते कोणी विचारले नाही. नळी तिथूनच जाते, म्हणून गेली. पहिल्या दिवशी यंत्रणा सुरू करण्याआधी रशीदभाईंनी खिडक्या उघडल्या.

“कशाला हो?” सोनवणेसाहेबांनी विचारले.

“धुआँ भरेगा ना.”

“अहो, पेटीत स्पीकर हाये, रशीदभाई!”

“हौ, मालूम है,” ते म्हणाले, आणि खिडक्या उघड्याच ठेवल्या.

माझी पहिली नक्कल हिशेबातून आली होती. सेकंदाला किती धक्के, त्यांच्या किती पटी, प्रत्येकीचा जोर किती, असे सारे मांडून मी संगणकावर एक आवाज तयार केला. रशीदभाई पाठ करून उभे राहिले. “मॅडम, ये मच्छर है.” मी खालच्या पट्ट्या वाढवल्या. “अब हार्मोनियम हुआ.” मी जोर आणखी वाढवला. त्यांनी मान हलवली. “आवाज बराबर है. लेकिन इसमें इंजिन किधर है?”

“मग इंजिनात काय असतं ते सांगा की!” सोनवणेसाहेब वैतागून म्हणाले.

आणि मग माझ्या नोकरीतला सर्वांत अशास्त्रीय तास सुरू झाला. रशीदभाईंनी डोळे मिटून, गाल फुगवून तोंडाने इंजिन चालवून दाखवले. दोन धक्क्यांच्या मधल्या जागेवर त्यांचा भर होता. तिथे एक ओला, फाटका ‘फ’ होता. वेल्डर म्हणाला, फ नाही, भ. सोनवणेसाहेबांनी दोघांनाही बाजूला सारून सोयगावच्या विहिरीवरचे त्यांच्या वडिलांचे इंजिन काढून दाखवले. ते दर सातव्या ठोक्याला अडखळत असे आणि ती अडखळ त्यांनी इतक्या मायेने घेतली की वेल्डरने ‘भ’चा हट्ट सोडला. तीन प्रौढ माणसे माझ्या मायक्रोफोनसमोर उभी राहून निरनिराळ्या वेगांनी भुकभुकत होती. मी गांभीर्याने नोंदी घेत होते. शेवटी कोणीतरी म्हणाले, मॅडमनी करून दाखवावे. मी नाही म्हणू शकले नाही. मी केले.

सगळे कान पुढे करून थांबले.

“चालू झाली का?” वेल्डरने विचारले.

“हौ,” रशीदभाई मला सांभाळून घेत म्हणाले, “ये बॅटरी वाली गाडी है.”

त्यातून शहाणपण एकच निघाले, की नक्कल खऱ्या इंजिनावरूनच घ्यावी. परीक्षा सुरू होण्याआधीच्या शेवटच्या शनिवारी, सकाळची शाळा भरलेली असताना, आम्ही नळी उघडी ठेवून इंजिन शेवटचे चालवले. मायक्रोफोन बाहेर, भिंतीपलीकडे, नळीच्या तोंडाशी. कडुलिंबाची सावली त्याच्यावर पडत होती. सारे वेग नीट टिपले गेले. शेवटी रशीदभाईंनी इंजिन हळू केले, त्याला दोन मिनिटे श्वास घेऊ दिला आणि बंद केले. मला लागणारा भाग त्याच्या कितीतरी आधी संपला होता. संगणकावर मी पुढचे कापायला घेतले, तर ते मागे उभे.

“काटते कायकू?”

“पुढचं लागत नाही आपल्याला.”

“मॅडम, दौडते इंजिन कू ऐसा एकदम मारेंगे?”

ती आवाजाची फीत होती. तिला धाप लागत नव्हती, तिचे तेल तापत नव्हते. हे मी त्यांना सांगू शकले असते. परंतु ज्या माणसाचे इंजिन मी चादरीखाली घातले होते, त्याला मी निदान दोन मिनिटांचा श्वास तरी परत द्यावा असे मला वाटले. मी काहीही कापले नाही. चाचण्या घेताना रशीदभाई पाणी प्यायला गेले असले, की मधला भाग संपताच मी हळूच थांबवत असे. ते असले तर इंजिन हळू होऊ देई आणि मग ते स्वतःच समाधानाने बटण दाबत. टिपलेला आवाज अगदी अखेरपर्यंत आमच्यापैकी कोणी कधी ऐकला नाही.

आणखी एक गोष्ट मी केली नाही, आणि ती अधिक लाजिरवाणी आहे. आमचा सायलेन्सर खालचे, जाड आवाज उत्तम गिळत होता. एकूण आकडा सुरेख येत होता. पण आलेखाच्या उजव्या टोकाला, वरच्या बारीक पट्ट्यांत, रेघ खाली यायचे नाव घेत नव्हती. तिथून आवाज जवळपास तसाच निसटत होता. तीन आठवडे मी ती रेघ पाहिली. दोनदा सोनवणेसाहेबांच्या दारापर्यंत गेले. ते फोनवर होते, असे मी स्वतःला सांगितले. एकदा ते फोनवर नव्हते. तेव्हा मी चहा घेणार का एवढे विचारून परत आले.

तपासनीस आले तो दिवस गणिताचा होता. पेपर अकरा ते दोन. पुण्याचे साहेब पावणेबाराला पोहोचले, अत्यंत नीटनेटके, स्वतःची खुर्ची स्वतः पुसून बसणारे. आवाज आम्ही इतका बेताचा ठेवला होता, की सायलेन्सरमधून गेल्यावर बाहेर काही उरतच नसे. सकाळी मी स्वतः कडुलिंबाखाली उभी राहून खात्री केली होती. चिमण्यांच्या वर काही ऐकू आले नव्हते. भिंतीपलीकडे अकरा खोल्या मान खाली घालून बसल्या होत्या आणि इकडे आमचे खोटे इंजिन पेटीत धावत होते. साहेब आकडा पाहत होते, मान डोलावत होते. मी मीटरपाशी, बटणे रशीदभाईंकडे. सगळे वेग झाले. इंजिन हळू झाले.

“आता अगदीच बारीक येतंय,” साहेब म्हणाले. “जरा वाढवा, हळू वेगातलंही ऐकू या.”

रशीदभाईंनी वाढवले.

“आणखी.”

रशीदभाईंनी बटण शेवटपर्यंत नेले. इंजिन श्वास घेत होते. मग ते थांबले, विचारल्यासारखे. साहेब काहीतरी लिहिण्यासाठी खाली वाकले, रशीदभाईंचे डोळे तृप्तीने मिटलेले. आणि त्या स्तब्धतेत, शाळेच्या दिशेने तोंड केलेल्या नळीतून, भिकामामांनी त्या शनिवारी वाजवलेली शाळा सुटल्याची लांब घंटा, जिथून घेतली होती बरोबर तिथेच, खऱ्या घंटेहूनही जोरात परत गेली.

ठण. ठण. ठण. ठणठणठणठण.

पहिल्यांदा कोणालाच काही वावगे वाटले नाही. हे मला आजही सर्वांत भयंकर वाटते. वेल्डरांनी चष्मे काढले. कोणी हात धुवायला गेले, कोणी डब्याची झाकणे उघडली; मेथीच्या भाजीचा वास आला. सोनवणेसाहेब साहेबांना म्हणाले, “चला, जेवून घिऊ.” रशीदभाई डोळे उघडून, बटण दाबून म्हणाले, “आज जल्दी छुट्टी हुई?” मी भिंतीवरचे घड्याळ पाहिले. बारा वाजून चाळीस मिनिटे. अजून एक तास वीस मिनिटे त्या मुलींची होती, आणि ती मी काढून घेतली होती.

बाजूचे दार मी कसे उघडले ते आठवत नाही. बाहेर, शाळेकडच्या कुंपणाच्या भिंतीशी नळ्यांच्या तुकड्यांचा ढीग होता. त्याच्यावर मी चढले, साडीनिशी, आणि भिंतीवरून पाहिले. उघड्या खिडक्यांतून वर्ग दिसत होते. कोणी उभी राहिली होती. कोणी घाईघाईने पुरवणीला दोरा बांधत होती. खिडकीलगतची एक मुलगी रडायलाही लागली होती, आवाज न करता. पर्यवेक्षक मनगटावरचे घड्याळ कानाला लावून पाहत होते. कडुलिंबाखाली भिकामामा हातातली कांब आणि स्तब्ध टांगलेला रूळ यांच्याकडे आळीपाळीने पाहत होते. स्वतःवरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

आणि मी ओरडले.

“बसा! बसा सगळ्या! ती घंटा खोटी आहे! आमच्या शेडची आहे! लिहा! अजून खूप वेळ आहे, लिहीत राहा!”

असा आवाज माझ्यात होता हे मला माहीत नव्हते. तो छातीतून नाही, त्याच्याही खालून कुठूनतरी आला, आणि मध्ये त्याला अडवायला कोणतीच भिंत नव्हती. कडुलिंबावरच्या चिमण्या उडाल्या. अकरा खोल्यांतल्या माना माझ्याकडे वळल्या आणि पुन्हा खाली गेल्या. दोरे सुटले. पेनं उचलली गेली. त्या शांततेत लिहिण्याची खरखर मला भिंतीपर्यंत ऐकू आली, की मला तसे वाटले, हे मी अहवालात लिहू शकले नसते.

ढिगावरून उतरले तेव्हा दारात सगळी शेड उभी होती. कोणाच्या हातात पोळीचा तुकडा तसाच होता. रशीदभाई म्हणाले, “मॅडम का सायलेन्सर निकल गया.”

पुण्याच्या साहेबांनी वहीतला आकडा पुन्हा पाहिला. मग त्यांनी विचारले, “आकडा चांगला आहे. पण मग ही घंटा एवढी स्वच्छ बाहेर आली कशी?”

माझा घसा अजून गरम होता. आता गप्प बसण्यात काही अर्थ उरला नव्हता. “वरच्या पट्टीतला आवाज यातून गळतो,” मी म्हणाले. “आतल्या नळीला छिद्रं पाडून भोवती काचेची लोकर भरावी लागेल. मला तीन आठवड्यांपासून माहीत आहे.”

“मग बोलल्या का नाय?” सोनवणेसाहेब.

“आत्ता बोलले.”

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिले आणि आठ दिवसांची मुदत दिली. आठ दिवसांनी, पेपर नसलेल्या दिवशी ते परत आले. या वेळी त्यांनी इंजिनाविषयी फारसे विचारलेच नाही. म्हणाले, “घंटा वाजवा.” आम्ही वाजवली. बाहेर काही आले नाही. सायलेन्सर पसंत झाला.

पण ते नंतर. त्या दिवशी दोन वाजून गेल्यावर मी खरातबाईंकडे गेले. माफीची वाक्ये मी पुन्हा जिन्यात पाठ केली होती. त्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून घेत होत्या. घंटेत गेलेली दोन मिनिटे त्यांनी नोंद करून प्रत्येक खोलीला शेवटी परत दिली होती.

“मी शब्द दिला होता,” मी म्हणाले. “एक आवाज येणार नाही म्हणून. दोन आले.”

त्यांनी गाठ आवळली. “इंजिन तर आलं नाही. घंटा आमचीच होती. आणि दुसरा आवाज...” त्यांनी गठ्ठा बाजूला ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होते की थकवा, मला नीट कळले नाही. “अकरा नंबरची खोली पार टोकाला आहे, मॅडम. भिकामामांची घंटासुद्धा तिथं नीट जात नाही. तिथल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला मी विचारलं, काय ऐकलंस. ती म्हणाली, एक बाई म्हणाल्या अजून खूप वेळ आहे.”

मी मान हलवून बाहेर पडले. धन्यवाद म्हणायचे राहिले. आवाज संपला होता.

आता शेड राहिली नाही, मोठा कारखाना झाला आहे. स्पंजाच्या भिंतींची खोली आहे, आणि कोणत्याही इंजिनाची नक्कल तयार करणारी प्रणाली आहे, जिला मच्छर किंवा हार्मोनियम म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. रशीदभाई खुलताबादेत असतात, अंजिरांची झाडे सांभाळतात आणि दर मार्चला फोन करून विचारतात, “इंजिन चल रहा है ना?” मी हो म्हणते. ते खोटे नाही. तीनचाकीसाठी आम्ही अजूनही तोच शनिवार वाजवतो.

पण या महिनाअखेर मला सर्व आवाज नव्या प्रणालीत सोपवून जायचे आहे, आणि नियम असा, की प्रत्येक आवाज स्वच्छ, कापलेला असावा. काल मी तो बारा वर्षांनी प्रथमच अखेरपर्यंत ऐकला. इंजिन हळू होते, श्वास घेते, थांबते. मग घंटा. घंटेनंतर पायांचा धावता गलका, शाळा सुटल्याचा. मग रशीदभाई म्हणतात, “चलो, हो गया.” आणि त्यानंतर, अॅम्प्लिफायर शेवटपर्यंत वाढवला तरच ऐकू येईल असा, एका बाईचा आवाज आहे. ती ‘झालं?’ एवढेच विचारते. मला ती ओळखायला थोडा वेळ लागला.

कात्रीची खूण पडद्यावर नेऊन मी दोन दिवस बसले आहे. कामाच्या दृष्टीने शेवटची वीस सेकंदे निरुपयोगी आहेत, आणि शाळेच्या बाजूला ती एकदा धोक्याचीही ठरली आहेत. माझ्या जागी तुम्ही असता, तर ती कापली असती का?